पुढच्या अ‍ॅक्सलचा क्रॉस: ‘ठोका, काढा, बसवा’ हा सल्ला ऐकू नका

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपवाल्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय: ‘पुढच्या अ‍ॅक्सलचा क्रॉस अर्ध्या तासात बदलतो. कप हातोड्याने ठोकून काढा, नवे ठोकून बसवा, सर्क्लिप लावा, झालं. गाडी टू-व्हीलवरच चालवत असाल तर क्रॉस फिरतच नाही, बदलायचीही गरज नाही. आणि घ्यायचाच तर ग्रीस निपलवाला घ्या, तोच दणकट.’ क्रॉस म्हणजे चाकाजवळ शाफ्टचे दोन तुकडे जोडणारा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा; त्याच्या चार टोकांवरच्या टोप्या म्हणजे कप, आणि कप जागेवर धरणारी कडी म्हणजे सर्क्लिप. हे काम मी स्वतः केलंय आणि या सल्ल्याने बिघडलेले शाफ्ट हातात धरून पाहिलेत, म्हणून लिहितोय.

आधी सगळ्यात धोक्याचं वाक्य. ‘टू-व्हीलमध्ये क्रॉस फिरतच नाही.’ लॉकिंग हब (चाक शाफ्टला हवं तेव्हा जोडणारे-सोडणारे हब) असतील आणि ते ‘फ्री’वर असतील, तर हे खरं आहे, चाक फिरतं, शाफ्ट जागच्या जागी राहतो. पण बऱ्याच गाड्यांना असे हब नसतातच. १९९४ ते २००१ च्या डॉज रॅममध्ये चाक शाफ्टला कायमचं जोडलेलं असतं. टू-व्हीलमध्ये फक्त अ‍ॅक्सलच्या आतला एका बाजूचा सांधा सुटतो. चाकाजवळचे दोन्ही क्रॉस मात्र गाडी हलली की फिरतात. अशा क्रॉसचा कप भर वेगात निसटला, तर योकचा (क्रॉस धरणाऱ्या शाफ्टच्या दुबेळक्या टोकाचा) कान नकलमध्ये (चाकासोबत वळणाऱ्या अ‍ॅक्सलच्या टोकाच्या भागात) अडकून स्टीअरिंग जाम होऊ शकतं. आपल्या गाडीला कुठले हब आहेत ते आधी बघा, मगच ‘गरज नाही’ म्हणा.

अर्ध्या तासाबद्दल एवढंच: शाफ्ट बाहेर काढायला चाक, कॅलिपर, डिस्क, हब आणि बऱ्याच अ‍ॅक्सलवर स्पिंडलही (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा) उतरवावं लागतं. वर्षानुवर्षं गंजून धरलेला हबच कधी कधी अर्धा दिवस खातो. कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. शाफ्ट ओढताना खालून आधार द्या, नाहीतर आतलं ऑइल सील फाटतं आणि दुसरंच काम मागे लागतं.

आता हातोडा. माझं खरं भांडण इथेच आहे. क्रॉस नवा मिळतो. जुन्या गाडीचा शाफ्ट सहजी मिळत नाही. कानावर घाव घातले की कान वाकतो, आणि मग नवा क्रॉसही सरळ बसत नाही. त्यापेक्षा सर्क्लिप काढा, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, आणि व्हाइस किंवा प्रेस वापरा: एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, समोर कप ज्यात मावेल असं मोठं. पकड आवळत जा, कप आपसूक बाहेर येतो.

बसवताना तर ठोकाठोकी आणखी वाईट. कपाच्या आत कडेने सुयांसारखे बारीक रोलर ग्रीसमध्ये उभे असतात. हादऱ्याने त्यातला एक जरी आडवा पडला, तर तो कपाच्या तळाशी जातो आणि कप केसभर बाहेर राहतो. सर्क्लिप खाचेत जायला नकार देते. लोक इथे आणखी जोरात मारतात. तसं करू नका. कप काढा, सुया मोजून परत लावा. दोन्ही सर्क्लिप नीट बसल्यावर मात्र तांब्याच्या किंवा पितळी हातोड्याने कानावर हलकी टिचकी द्या, म्हणजे कपांवरचा ताण सुटतो. मग क्रॉस बोटांनी चारही दिशांना अडखळल्याशिवाय हलला पाहिजे.

निपलवाला दणकट हेही सरसकट खरं नाही. ग्रीस जायला क्रॉस आतून पोखरलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच मापाचा भरीव, सील्ड क्रॉस सहसा जास्त जोर झेलतो. निपलवाल्याचा फायदा वेगळा: चिखलापाण्यातून आल्यावर ग्रीस भरून आतलं पाणी बाहेर काढता येतं. पण ग्रीस गन वेळेवर लावणार नसाल, तर तो फायदा मिळत नाही.

आणखी एक, कारण यापायी चांगले क्रॉस फेकलेले पाहिलेत. फोर-व्हीलमध्ये वळताना स्टीअरिंगला धक्के बसले म्हणून क्रॉस गेलाच असं नाही. चाक ३० अंश वळलेलं असताना शाफ्ट एकसारखा फिरला, तरी चाकाचा वेग दर फेऱ्यात दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. या सांध्याची रचनाच तशी आहे. गेलेल्या क्रॉसची खूण वेगळी: कपाच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी, आणि शाफ्ट हाताने पुढेमागे फिरवला की कपात जाणवणारी खटखट.