दापोलीत बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलवरच्या माझ्या लेखाखाली, लेख लांबल्याची तक्रार करून, एका वाचकाने पुढे लिहिलंय: "1718 ची इमारत म्हणता, पण मनोरा 1838 चा, वेदीकडचा भाग त्याहून नंतरचा. ही तर खिचडी. दापोलीत बसून गूगलवरून फोर्टचा इतिहास सांगू नये."

लेख लांबलाय, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ते शेवटचं वाक्य मला लागलं. कुणाची लायकी काढण्याआधी माणसाने जरा चौकशी तरी करावी. माझे वडील फोर्टात एका कचेरीत शिपाई होते. मे महिन्यात मी त्यांच्याकडे असायचो आणि दुपारी ते मला या चर्चमध्ये आणून बसवायचे, कारण त्या जाड भिंतींच्या आत गारवा असतो. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या संगमरवरी स्मारकावर काशी आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलाय. तो मी तिथे उभा राहून, अक्षराला अक्षर जोडत वाचलाय. तेव्हा कुठलं आलंय गूगल! आजोबा गवंडी, उभा जन्म जांभ्याच्या चिऱ्यांत गेला. जुनं बांधकाम कुठे संपतं नि नवं कुठे जोडलंय, हे बघायची नजर त्यांची. आणि दापोलीला हिणवताय, तर स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये इथूनच जवळ बाणकोटला आले होते. चर्चबद्दल बोलायचा हक्क मुंबईकरांनाच आहे, हे कुणी ठरवलं?

राहिली तुमची खिचडी. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याच्या काळात, 1676 मध्ये पाया घातला गेला. तो वारला, काम रखडलं आणि अर्धवट भिंती पुढची कित्येक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवून काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा कुठे 1718 च्या नाताळात चर्च उघडलं. 1837 मध्ये ते कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं, मग मनोरा चढला, 1860 च्या दशकात वेदीकडचा भाग गॉथिक धर्तीवर वाढवला. आपल्याकडे किती देवळांना सभामंडप मागाहून जोडलेत, म्हणून गाभारा काल बांधला असं कुणी म्हणतं का? यापलीकडे त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आणि हो, मनोऱ्याचं जे साल तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत, ते माझ्याच लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे.