नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ होत नाही

टीव्हीखाली अजून जुना पीएस३ किंवा एक्सबॉक्स ३६० हा गेमिंग कन्सोल असलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो. पेनड्राइव्हवरचा सिनेमा लागत नसेल तर फाईलच्या नावातलं ‘एमकेव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहा. तरीही नाही लागला तर मशीनमध्ये दम नाही असं समजा आणि अख्खा व्हिडिओ कन्व्हर्ट करा. फाईल ४ जीबीच्या वर असेल तर पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाईली साठवायच्या पद्धतीत, फॉरमॅट करा. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही, आणि शेवटचा उपाय तर नुकसानच करतो.

आधी नावाचं बघू. एमकेव्ही आणि एमपी४ हे कंटेनर आहेत. चित्र, आवाज, सबटायटल फाईलमध्ये कुठे आणि कसे ठेवायचे याची ती मांडणी, आणि ती फाईलच्या आतच लिहिलेली असते. एमकेव्ही ठरावीक चार बाइटांनी सुरू होते. एमपी४मध्ये सुरुवातीलाच ‘एफटीवायपी’ अशी खूण असते. नाव बदलून यातला एकही बाइट हलत नाही. दारावरची पाटी बदलली म्हणून भाडेकरू बदलतो का?

तरी हा सल्ला टिकून आहे, कारण तो खरा वाटावा अशी सोय आहे. कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी प्लेयर नावावर विसंबत नाही, आत काय आहे ते तपासतो. त्यामुळे नाव बदललेली फाईल लॅपटॉपवर मजेत चालते आणि दोष कन्सोलच्या माथी जातो. शिवाय ‘डिव्हएक्स’ नावाची फाईल ‘एव्हीआय’ केली की खरोखर चालते. पण ती आतून बहुतेकदा एव्हीआयच असते.

‘दम नाही’ हे तर पीएस३बद्दल बोलूच नये. तो ब्लू-रे प्लेयर होता. ब्लू-रेवरचा १०८०पी व्हिडिओ सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जातो आणि पीएस३ तो न अडखळता दाखवतो. त्यापुढे आपली नेहमीची एमकेव्ही म्हणजे किरकोळ काम. अडतं ते सॉफ्टवेअरमध्ये: पीएस३ला एमकेव्ही वाचायला कधी शिकवलंच नाही. पीएस४ला ते २०१५मध्ये मीडिया प्लेयर अॅपमधून मिळालं.

एक अपवाद मात्र मान्य. अशा फाईलींमधलं चित्र बहुतेकदा एच.२६४ या पद्धतीने दाबून बसवलेलं (एन्कोड केलेलं) असतं. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०, दोन्हींची त्यातली मर्यादा लेव्हल ४.१ आहे, म्हणजे १०८०पीला जास्तीत जास्त ४ रेफरन्स फ्रेम (पुढचं चित्र उभं करायला आधाराला धरलेल्या फ्रेम). हौशी एन्कोड करणारे १६ वापरतात, अॅनिमेवाले तर नेहमीच्या ८-बिटऐवजी १०-बिट रंग. अशा फाईलचं चित्र नव्याने एन्कोड करण्यावाचून इलाज नाही.

बाकी फाईलींसाठी रात्रभर कन्व्हर्ट करत बसणं म्हणजे वेळही घालवायचा आणि चित्रही बिघडवायचं. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमला ‘कॉपी’ सांगितलं की तो तेच चित्र जसंच्या तसं उचलून एमपी४मध्ये ठेवतो. दर्जा कणभर उतरत नाही, आणि वेळ साधारण फाईल कॉपी करायला लागतो तेवढाच. खरा घोळ आवाजाचा असतो. एमकेव्हीत बऱ्याचदा डीटीएस या प्रकारचा आवाज असतो. तो एएसी या दुसऱ्या प्रकारात बदलावा लागतो. एक्सबॉक्स ३६०ला तर एमपी४मध्ये दोनच चॅनेलचं एएसी चालतं, ५.१ म्हणजे सहा चॅनेलचं दिलं की अडला. म्हणून फक्त आवाज बदला, चित्राला हात लावू नका. सबटायटल हवेत तर मात्र पंचाईत आहे: पीएस३ सबटायटलची वेगळी एसआरटी फाईल वाचत नाही, ती अक्षरं चित्रावरच छापावी लागतात, आणि तेव्हा पुन्हा एन्कोड करणं आलंच.

आता एनटीएफएस. ते पीएस३ वाचत नाही आणि एक्सबॉक्स ३६०ही नाही. फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं आणि वर पेनड्राइव्ह कन्सोलला दिसेनासा होतो. विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ या जुन्या पद्धतीचा पर्याय देत नाही, म्हणून बरेच जण एनटीएफएसकडे वळतात. लागतं मात्र फॅट३२च, आणि त्यात ४ जीबीची फाईल बसत नाही. मग सिनेमाचे दोन तुकडे करा, नाहीतर कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर चालू करून घरच्या नेटवर्कवरून बघा. तिथे पेनड्राइव्हच मधे येत नाही. पीएस४ एक्सफॅट ही मोठ्या फाईली मावणारी पद्धत वाचतो, त्यामुळे त्याच्याकडे ही अडचण येत नाही.