पंधराव्या वर्षी शिखर, सतराव्या वर्षी शेवट? मान्य नाही

ऑलिम्पिक जवळ आलं की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो: मुलींच्या फिगर स्केटिंगमध्ये पंधरावं वर्ष हेच शिखर, अंग भरलं की उड्या गेल्या, ज्या टिकत नाहीत त्या मनाने कच्च्या, आणि एकदा सोडलं की परत येता येत नाही. पुरावा म्हणून तारा लिपिन्स्की (नागानो, १९९८) आणि अलिना झागितोवा (प्योंगचांग, २०१८). दोघींनी पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि दोघी लवकर थांबल्या, हे खरंच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पालक तो खरा मानून दहा वर्षांच्या मुलींना घाई करतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी शरीराचं बघू. क्वाड म्हणजे हवेत चार गिरक्या, आणि त्यासाठी पाऊण सेकंदही मिळत नाही. हात छातीशी आवळून, पाय एकमेकांना चिकटवून अंग जितकं बारीक करता येईल तितकी गिरकी वेगवान. तेरा वर्षांच्या सडपातळ मुलीला हे सोपं जातं. उंची वाढली, नितंब रुंदावले की तोच वेग मिळत नाही. इथवर मजकूर बरोबर आहे. पण जिला फक्त लहान अंगाच्या जोरावर गरगर फिरायला शिकवलं, तिचीच उडी अंगाबरोबर जाते. जपानच्या काओरी साकामोतोचा डबल अ‍ॅक्सेल (पुढे तोंड करून घेतलेली अडीच गिरक्यांची उडी) नीट पाहा. ती पूर्ण वेगात येते, उडीत बर्फाचा मोठा पट्टा ओलांडते, आणि उतरल्यावरही वेग तसाच, जणू मध्ये काही घडलंच नाही. ही ताकद पायांची आहे, ती वयाबरोबर वाढते. स्पर्धेत क्वाड न करता तिने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं मिळवली. युक्रेन युद्धामुळे रशियन मुलींवर बंदी होती म्हणून जिंकली, असं कुणी म्हणेल. त्या समोर असतानाच २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने कांस्य घेतलं होतं. आणि रशियाचीच एलिझावेता तुक्तामिशेवा २०१५ मध्ये जगज्जेती होती, २०२१ मध्ये चोविसाव्या वर्षी ट्रिपल अ‍ॅक्सेल (तीच उडी, साडेतीन गिरक्यांची) मारून जागतिक स्पर्धेत रौप्य घेऊन गेली.

‘मनाने कच्च्या’ या शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बीजिंगमधली १७ फेब्रुवारी २०२२ ची रात्र आठवा. उत्तेजकाच्या प्रकरणात अडकलेली पंधरा वर्षांची रशियाची कामिला वालियेवा पडत-धडपडत कार्यक्रम संपवून कठड्याशी आली, तेव्हा प्रशिक्षिकेने तिला जवळ घेण्याआधी विचारलं, लढणं का सोडलंस? रौप्य मिळवलेली रशियाचीच त्रुसोवा रडत होती, सुवर्ण जिंकलेली श्चेरबाकोवा, तीही रशियाचीच, एकटी उभी होती. त्याआधी २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये पंधराव्या वर्षी रशियासाठी सांघिक सुवर्ण मिळवलेल्या युलिया लिपनित्स्कायाने खाण्याच्या आजारामुळे एकोणिसाव्या वर्षी खेळ सोडला. यात मुलींच्या मनाचा दोष कुठे आहे? मोठ्यांनी काय केलं, ते आधी विचारा.

वयोमर्यादेवरही ओरड आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्ये सीनियर स्पर्धांचं किमान वय १५ वरून १७ करायचं ठरवलं, दोन टप्प्यांत. यात प्रतिभा वाया जाते म्हणतात. जपानची माओ आसादा पंधराव्या वर्षी ग्रां प्री या मोठ्या स्पर्धामालिकेची अंतिम फेरी जिंकूनही वयाच्या नियमामुळे २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकला जाऊ शकली नाही. पुढे ऑलिम्पिक रौप्य आणि तीन जागतिक विजेतेपदं तिच्या नावावर आली, शेवटचं २०१४ मध्ये. थांबावं लागल्याने तिचं काही संपलं नाही. नियम खेळ घडवतात, हे झागितोवाच्या बाबतीतही दिसलं: कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना वाढीव गुण होते म्हणून तिने सगळ्या उड्या तिथेच ठेवल्या, आणि त्यानंतर त्या वाढीव गुणांवर मर्यादा आली.

‘एकदा सोडलं की परत येता येत नाही’ हे तर सरळ खोटं आहे. अलिसा लिऊ तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली आणि सोळाव्या वर्षी दमून निवृत्त झाली. कॉलेजला गेली, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली. २०२४ मध्ये स्वतःच्या मर्जीने परतली आणि २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. डीआना स्टेलाटो-ड्युडेकने २००० मध्ये ज्युनियर जागतिक रौप्य मिळवलं, मग दुखापतींमुळे सोळा वर्षं बर्फापासून दूर राहिली. २०२४ मध्ये ती जोडी प्रकारात जगज्जेती झाली, तेव्हा तिचं वय चाळीस होतं.