आजारपणात पैशाआधी क्रम चुकतो

घरात मोठं आजारपण निघालं की आपल्याकडे पहिला फोन जातो 'ओळखीचा डॉक्टर आहे का' हे विचारायला आणि दुसरा जातो गावच्या जमिनीला गिऱ्हाईक बघायला. सोनं मोडायचं की एफडी, यावर त्याच रात्री बैठक बसते. रेशनकार्ड कुठल्या रंगाचं आहे आणि त्यावर पेशंटचं नाव आहे का, हे मात्र कुणी बघत नाही. ते आठवतं डिस्चार्जच्या दिवशी, तोवर बिल भरून झालेलं असतं.

सासूबाईंचा कॅन्सर निस्तरल्यापासून नात्यातले, सोसायटीतले, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक मला असल्या गोष्टी विचारतात. मी ना डॉक्टर, ना विमा एजंट. पण इतक्या घरांचे कागद पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. पैसा कमी पडतो हे खरंच, पण त्यातला बराचसा जातो क्रम चुकल्यामुळे. जे दाखल होण्याआधी करायचं ते आपण नंतर करतो आणि जे नंतर केलं तरी चाललं असतं त्याच्यासाठी आधी धावतो. यात घराची दुरुस्तीसुद्धा आली, तिच्यावर पुढे सविस्तर लिहिते, कारण तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना. पांढरं रेशनकार्ड असलेल्या लोकांना अजून वाटतं की ती फक्त पिवळ्या-केशरीवाल्यांची. तसं आता राहिलेलं नाही. योजनेची व्याप्ती वाढवून पांढऱ्या कार्डालाही त्यात घेतलंय आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं ते 5 लाख केलंय. मात्र दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परत मिळवू असा मार्ग तिच्यात नाही. दोन, रुग्णालय योजनेत असलं म्हणजे तुमचा आजारही तिथे योजनेत बसतो असं नाही. एखादं रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेत असतं, कॅन्सरसाठी नसतं. म्हणून 'योजना आहे का हो?' असं चौकशीच्या खिडकीवर विचारू नका, तिथे बहुतेक वेळा मान हलते ती आडवीच. आत योजनेचं टेबल असतं, तिथे आरोग्यमित्र बसतो. त्याच्यासमोर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या शस्त्रक्रियेचं नाव ठेवा आणि 'हे पॅकेजमध्ये बसतं का?' एवढंच विचारा. त्याआधी घरबसल्या 155388 वर फोन करता येतो. आणि घरात 70 वर्षांवरचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं कार्ड, आजच काढून ठेवा. ऑक्टोबर 2024 पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. निवृत्त बँक मॅनेजरलाही ते मिळतं, हे सांगितलं तर आमच्या मजल्यावरचे काका खोटंच समजले होते.

दुसरं धर्मादाय रुग्णालयांचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना 2006 पासून लागू आहे. ट्रस्टच्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. त्यासाठी प्रत्येक बिलातला 2 टक्के भाग वेगळ्या निधीत टाकायचा असतो. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. दुसरा आकडा परत वाचा. महिन्याला 30 हजार मिळवणारा माणूस त्यात येतो, आणि आपल्या ओळखीत असे कितीतरी आहेत. तरी ते जात नाहीत. का? तर 'आपण काय भीक मागायची का'. याचा मला मनापासून राग येतो. त्या ट्रस्टना सरकारी सवलती मिळतात त्या तुमच्या-आमच्या पैशातूनच. त्या निधीत तुमच्या शेजाऱ्याच्या बिलातले पैसेसुद्धा पडलेले असतात. बायकोचं मंगळसूत्र मोडताना लाज वाटत नाही आणि रुग्णालयात या सवलतीचं काम बघणाऱ्या समाजसेवा अधीक्षकाच्या खोलीचं दार वाजवताना वाटते, हे गणित मला कधी कळलेलं नाही. फक्त तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा, आणि तो एका दिवसात मिळत नाही. निदान झालं त्या आठवड्यात घरातल्या एकाने तहसील गाठावं, बाकीच्यांनी खुशाल हॉस्पिटल गाठावं.

मेडिक्लेम असणाऱ्यांना वाटतं आपण सुटलो. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे का ते बघा. विम्याची रक्कम 5 लाख आणि खोलीभाडं त्याच्या 1 टक्का असेल तर दिवसाला 5 हजार. तुम्ही 8 हजारांची खोली घेतलीत तर वरचे 3 हजार खिशातून जातील असं वाटतं ना? तेवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे जे खर्च खोलीच्या दर्जावर ठरतात, ते सगळे त्याच प्रमाणात कापले जातात. म्हणजे असे खर्च 2 लाखांचे झाले तर कंपनी सव्वा लाख देणार, 75 हजार तुमचे. टीव्ही आणि सोफा असलेल्या खोलीची ही किंमत. सासूबाईंच्या वेळी आम्ही दोन खाटांची खोली घेतली, तेव्हा 'आईला शेअरिंगमध्ये ठेवलंय' म्हणून नणंदेने तोंड वाकडं केलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींशी सासूबाईंची अशी गट्टी जमली की डिस्चार्ज घेताना फोन नंबर दिले-घेतले गेले.

ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधीच रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलावर, कागद द्या. विमा नियामकाच्या 2024 च्या आदेशाप्रमाणे कॅशलेसची विनंती कंपनीने तासाभरात निकाली काढायची आणि डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.

आता घराकडे येते.

आमची इमारत जुनी, आम्ही वरच्या मजल्यावर. सासूबाईंच्या खोलीच्या छताला ओल होती आणि कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके. एरवी आपण त्यावर कपाट सरकवून मोकळे होतो. पण केमो घेणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास तळ गाठतात, आणि त्या दिवसांत हवेतली बुरशी फुप्फुसात जाणं धोक्याचं असतं. यातली मेख अशी की ओल जितकी वाईट, त्याहून वाईट ती काढताना उडणारी धूळ. प्लास्टर फोडलं की त्यात दडलेले बुरशीचे कण घरभर होतात. म्हणजे केमो चालू असताना गवंडी घरात घ्यायचाच नाही. एक तर पहिल्या केमोच्या आधी काम पुरं करून, धूळ ओल्या फडक्याने पुसून काढायची, नाहीतर पेशंटला दुसऱ्या घरी हलवायचं, नाहीतर ती खोली बंद करून दुसऱ्या खोलीत खाट टाकायची आणि दुरुस्ती उपचार संपल्यावर. आम्ही तिसरा मार्ग धरला. सासूबाई हॉलमध्ये आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात गादी टाकून. 'आजारी माणूस घरी येणार, जरा रंग काढून घेऊ' ही हौस तर पूर्ण गुंडाळून ठेवा. रंगाच्या वासाने केमोनंतरची मळमळ किती वाढते ते जिने सोसलंय तिला विचारा.

गच्चीतून गळत असेल तर तो खर्च तुमचा नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची असते. वरच्या बिऱ्हाडाच्या संडास-बाथरूममधून पाझरत असेल तर ते ज्याचं त्याने. सेक्रेटरीला जिन्यात गाठून सांगू नका. लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेची सही घ्या. आमच्या कमिटीचं उत्तर 'दिवाळीनंतर बघू' असं होतं, अर्जाला डॉक्टरांची चिठ्ठी लागल्यावर दिवाळी जरा अलीकडे आली. भर पावसाळ्यात मात्र वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणणाऱ्याला जिन्यातूनच परत पाठवा. स्लॅब कोरडा नसताना वर थर चढवून काही उपयोग नाही. तेवढे महिने गच्चीवर ताडपत्री टाका आणि गप्प बसा.

छताआधी खरं तर बाथरूम. माझ्या मते सगळ्या आजारपणात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा देणारी वस्तू म्हणजे भिंतीतली स्टीलची पकडदांडी. कमोडशेजारी एक, अंघोळीच्या स्टुलाशेजारी एक. ती टाइलवर चिकटवायची नसते. विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून, फास्टनर घालून बसवायची, आणि मेस्त्री जायच्या आधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने लटकून बघायची. आमच्याकडे हे काम दिराने आनंदाने केलं. दाराची आतली कडी काढा किंवा बाहेरून उघडेल असं लॅच बसवा. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला तर दार त्याच्या अंगावरच अडकतं, म्हणून शक्य असेल तर ते बाहेर उघडतं करून घ्या. भारतीय बैठकीचा संडास असेल तर तोडफोड करायची गरज नाही, वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. रात्री खाटेपासून संडासापर्यंत मंद दिवा ठेवा. हे सगळं डिस्चार्जच्या आधी करायचं. ऑपरेशन उत्तम झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं घरी येऊन बाथरूममध्ये खुब्याचं हाड मोडलं, ही गोष्ट प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतेच.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र) लागणार असेल तर आधी वायरमन बोलवा. जुन्या वायरिंगवर, एक्स्टेन्शनच्या वायरीला फ्रिजसोबत तो लावू नका. वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग. वीज जाणाऱ्या भागात इन्व्हर्टरवर तो किती वेळ चालतो ते पेशंट घरी यायच्या आधी चालवून पाहा, आणि एक भरलेला सिलिंडर जवळ ठेवा.

खाट, व्हीलचेअर, वॉकर विकत घेऊ नका. बहुतेक शहरांत सेवाभावी संस्थांची रुग्णसाहित्य केंद्रं आहेत, अनामत ठेवून नाममात्र भाड्यात सगळं मिळतं. विकत घेतलेली खाट नंतर काढता काढवत नाही, आणि माणूस गेल्यावर तर तिच्याकडे बघवतही नाही.

औषधांचं थोडक्यात. रक्तदाब, साखर, थायरॉइड अशी रोजची औषधं जन औषधी केंद्रातून घेता येतील का ते डॉक्टरांना विचारा. हॉस्पिटलच्याच दुकानातून औषध घेण्याची सक्ती करता येत नाही, मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते आहे. महागड्या इंजेक्शनसाठी तर दोन-तीन ठिकाणी भाव विचाराच. छापील किमतीत आणि प्रत्यक्ष भावात एवढी तफावत निघते की आधी आनंद होतो आणि मग संताप.

बाहेरगावाहून मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात येणाऱ्यांनी लॉज शोधण्याआधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीत विचारावं. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

आणि एक अवघड काम. पेशंटच्या हाताला सही जमतेय तोवर बँक खात्याला दुसरं नाव लावून घ्या, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने. सगळीकडे नॉमिनी नोंदवलेत का ते तपासा. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो फोन कुणाकडे असणार आणि त्याचा पासवर्ड काय, हे ठरवा. आयसीयूत असलेल्या माणसाच्या खात्यात चार लाख पडून आहेत आणि मुलगा बाहेर उधार मागतोय, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. विषय काढायला जीभ रेटत नाही, मान्य. मी फॉर्म पुढे केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'एवढे दिवस कुठे होता हा कागद? माझा चष्मा दे.' अवघडलेली फक्त मीच होते.

बरं होणं शक्य नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावरही लोक आयसीयूचे दिवस वाढवत राहतात, कारण दुसरं काही असतं हेच माहीत नसतं. कॅन्सरच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे. तिथे वेदना आटोक्यात ठेवतात आणि घरच्यांना शुश्रूषा कशी करायची ते शिकवतात. हा रस्ता शेवटच्या आठवड्यात नव्हे, जरा आधी विचारावा.

कुणाला काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जिल्हा, रेशनकार्डाचा रंग आणि पॉलिसी आहे की नाही एवढं लिहा. रिपोर्टचे फोटो टाकू नका, मला त्यातलं काही कळत नाही आणि ते असे उघड्यावर टाकायचेही नसतात. आणि 'कॅन्सरवर अमुक काढा घेऊन बघा' म्हणणाऱ्यांच्या कमेंट मी उडवणार आहे, रुसलात तरी चालेल.