‘प्लास्टिकचाच पंखा आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मला एकच मजकूर आला. सुट्टीत मुलांना मॉडेल विमानं शिकायला पाठवणाऱ्या सोलापूरच्या पालकांसाठी तो लिहिलाय. थोडक्यात असा: ‘विमानाचं इंजिन काडेपेटीएवढं असतं, पंखा प्लास्टिकचा. बोट लागलं तर फार तर खरचटतं. समोर बसून बोटाने झटका द्यायचा, हीच चालू करायची खरी पद्धत. इंधन म्हणजे दवाखान्यातलं स्पिरिट आणि एरंडेल; पेटलं तरी लगेच दिसतं, फडक्याने विझतं. एवढं सांगूनही भीती वाटली तर बॅटरीची मोटर घ्या, तिला कसलाच धोका नाही.’

लिहिणाऱ्याचा हेतू मला कळतो. पोरांनी मोबाइल ठेवून मैदानात यावं, आपल्या हातांनी काही बनवावं, हे मलाही मनापासून वाटतं. तीस वर्षं मी हाच छंद करतोय. पण यातलं एरंडेल सोडलं तर एकही गोष्ट खरी नाही, आणि ती खरी मानून एखादं पोरगं इंजिनासमोर बसलं तर भोगायला त्याचीच बोटं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी काडेपेटी आणि प्लास्टिक. शिकाऊ विमानांवर सर्रास दिसणारं ‘फॉर्टी’ इंजिन घ्या. ०.४० घनइंच, म्हणजे साधारण ६.५ सीसी. त्याला १० इंची पंखा बसतो आणि पूर्ण थ्रॉटल दिला की तो मिनिटाला ११-१२ हजार फेरे घेतो. १२ हजार धरले तर सेकंदाला २००. एका फेऱ्यात पात्याचं टोक सुमारे ८० सेंटीमीटर धावतं. म्हणजे सेकंदाला १६० मीटर, ताशी जवळपास ५७५ किलोमीटर. आपल्या स्टेशनातून मुंबईला जाणारी वंदे भारत ताशी १८० किलोमीटरसाठी बांधलेली आहे. तिच्या तिपटीहून जास्त वेगाने येणारी पातळ कड प्लास्टिकची की लाकडाची, याने बोटाला काय फरक पडणार?

‘लागलंच तर हात मागे घेऊ’ असं मुलं म्हणतात. काही बोचल्यावर हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. तेवढ्यात हा पंखा २० फेरे घेतो. पाती दोन, म्हणजे ४० वार. हाताला अडून इंजिन बंद पडतं हे खरं, पण बंद पडायच्या आधीचे वार कुणी थांबवू शकत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना एका २.५ सीसीच्या डिझेल इंजिनाची नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) मी समोरून, पंख्यावरून हात घालून फिरवली. अंधार पडत आला होता, एक शेवटची फेरी मारायची होती. दुखल्याचं आठवतच नाही. इंजिनाचा आवाज एकदम तुटला, हाताकडे पाहिलं तर उजव्या तर्जनीचं टोक उकललेलं आणि आत पांढरं दिसत होतं. सहा टाके पडले. त्या बोटाचं नख आजही मधोमध दुभंगूनच वाढतं. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तो पंखा १० इंची नव्हता, त्याहून बराच लहान होता.

आता बोटाने झटका देण्याची ‘खरी पद्धत’. जुने लोक असं करायचे, मान्य. लहान डिझेल इंजिनांच्या काळात बहुतेकांकडे दुसरं साधन नसायचं. पण त्यांतल्या कुणाचाही हात निरखून पाहा, मग ठरवा. ज्यांच्या घरात बुलेट होती त्यांना उलटी किक काय असते हे वेगळं सांगायला नको. पाय सोडवेपर्यंत पिंडरी बधिर होते. मॉडेलचं इंजिनही असंच उलटं मारतं, विशेषतः इंधन जास्त भरून गेलं असेल तेव्हा. झटका देऊन बोट बाहेर पडायच्या आत पातं उलट फिरून त्याच बोटावर येतं. त्याच उलट्या झटक्याने पुढचा नटही सैल होतो आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू होताच अख्खा पंखा सुटून समोर जातो. इंजिन उलटं मारल्यावर नट पान्याने तपासल्याशिवाय पुन्हा हात लावू नये.

मग सुरू करायचं कसं? जाड रबर चढवलेली काठी मिळते, तिला चिकन स्टिक म्हणतात. नाहीतर बॅटरीवरचा स्टार्टर. थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवायचा, पूर्ण उघडा कधीच नाही. विमान एकाने मागून घट्ट धरायचं किंवा शेपटीकडून खुंटीला बांधायचं. इंजिन लागलं की पंख्याला वळसा घालून मागे जायचं, आणि ग्लो प्लगची, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या तापत्या प्लगची, क्लिप काढणं, नीडल फिरवणं, सगळं मागून करायचं. पंख्यावरून हात न्यायचा नाही. माझं बोट त्या एका चुकीने गेलं असतं.

‘समोर बसून’ हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त खुपतात. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कापड कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. लहानपणी डबा घेऊन गेलो की मागांच्या खडखडाटात ते ओरडून एकच सांगायचे, ‘धोट्याच्या रेषेत उभा राहू नको.’ माग चालू असताना धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, कधीतरी उडतो. कधी ते सांगता येत नाही, पण कुठल्या दिशेने ते सांगता येतं. म्हणून जाणता विणकर त्या रेषेतून सवयीनेच बाजूला राहतो. पंख्याचंही तसंच आहे. पातं तुटलं तर तुकडा पंख्याच्या चकतीच्या रेषेत, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना, वर-खाली सुटतो. पंखा निसटला तर पुढे जातो. उरते मागची बाजू. बघायला आलेली मुलं, मोबाइलवर व्हिडिओ काढणारे पालक, सगळ्यांनी विमानाच्या मागे आणि चार पावलं लांब. व्हिडिओ काढणारे बरोबर बाजूला येऊन बसतात, कारण तिथून पंखा छान दिसतो. त्यांना उठवताना मला संकोच वाटत नाही.

पात्याला बारीकशी खाच किंवा पांढरा ओरखडा दिसला तरी पंखा टाकून द्यावा, चिकटवून वापरू नये. धातूचा पंखा तर लावूच नये. गळ्यातलं कॉलेजचं आयकार्ड, ओढणी, रिमोटचा पट्टा, सैल बाह्या आधी काढा किंवा आत खोचा. आणि गॉगल. आपल्याकडची मैदानं मुरमाची; पंख्याची हवा खडा उचलून डोळ्यात मारते.

इंधनाच्या मुद्द्यावर मात्र मला राग येतो, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. ग्लो इंजिनाच्या इंधनात बहुतांश मिथेनॉल असतं, सोबत तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. दवाखान्यात जखमेला लावतात ते स्पिरिट वेगळं. मिथेनॉल पोटात गेलं की यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच मिथेनॉल होतं. लक्षणं अनेकदा बारा-चोवीस तासांनी दिसतात, त्यामुळे ‘पोरगं ठणठणीत आहे’ म्हणून वाट पाहायची नाही, एक घोट गेल्याचा संशय आला तरी तडक दवाखाना. सोलापूरच्या उन्हात तहानलेलं पोर समोर दिसेल ती बाटली तोंडाला लावतं. इंधन पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्याला मी मैदानावर उभं करत नाही, मग तो कितीही जुना मित्र असो. ते कातडीतूनही अंगात जातं, हात धुवायला पाणी आणि साबण जवळ हवा.

‘पेटलं की दिसतं’ हेही उलटं आहे. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी. आपल्या दुपारच्या उन्हात ती दिसतच नाही, फक्त हवा थरथरल्यासारखी वाटते आणि माणूस त्यात हात घालतो. ११ अंश तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या थंडीतही आपल्याकडे पारा बहुधा याच्या वरच असतो, एप्रिल-मेचं तर बोलायलाच नको. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून भरलेली बादली शेजारी ठेवा. अंदाजाने फडकं मारत बसू नका.

राहिली बॅटरीची मोटर. तिला वास नाही, धूर नाही, म्हणून घराघरांत तीच येतेय, आणि म्हणूनच ‘धोका नाही’ हे वाक्य सगळ्यात घातक आहे. इंजिन सुरू करायला माणसाला खटपट करावी लागते. मोटर बॅटरी जोडल्याक्षणी तयार असते. रिमोटच्या दांडीला बाही लागली तरी ती पूर्ण जोराने फिरते, तेही जेवणाच्या टेबलावर. शिवाय इंजिन हाताला अडून बंद पडतं, मोटर मात्र अडली की जास्त करंट ओढून जोर लावत राहते. घरात जुळवाजुळव करताना पंखा काढूनच ठेवा. याला अपवाद नाही. आधी रिमोट चालू, थ्रॉटल तळाला, मगच विमानाची बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. सिग्नल तुटला तर मोटर थांबेल अशी फेलसेफ लावली आहे का, हे पंखा काढून, रिमोट बंद करून तपासा. या मोटरची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, आणि कुठलीही लिपो उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. चार्जिंग फरशीवर, समोर माणूस बसलेला असताना.

त्या मजकुरात अपघात झाल्यावर काय करायचं याची एक ओळही नाही, म्हणून माझ्या पेटीत काय असतं ते सांगतो. स्वच्छ सुती कापड, चिकटपट्टी, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि थर्मासमध्ये बर्फ. रक्त आलं तर कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरायचा. बोटाचा तुकडा सुटला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही. आणि सिव्हिलला घेऊन कोण जाणार, कुणाची गाडी, हे पहिलं इंजिन सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं.