क्लास नव्हे, कंट्रोल-यू

"क्लास लावल्याशिवाय वेबपेज बनवणं जमत नाही" हे वेबपेज शिकण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात नवी पेठेतल्या नेट कॅफेत, तासाचे पैसे मोजून शिकलो. आवडलेल्या पानावर कंट्रोल-यू दाबायचं (म्हणजे पानामागचा कोड दिसतो), दिसलेलं एचटीएमएल, म्हणजे पान ज्यात लिहिलेलं असतं तो कोड, नोटपॅडमध्ये घ्यायचं आणि एकेक टॅग, म्हणजे कंसातली खूण, काढून काय मोडतं ते बघायचं.

मामांच्या चादरीच्या दुकानाचं पान केलं, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! दोन दिवस त्यात गेले. तेव्हाच्या नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करताना एएनएसआयऐवजी यूटीएफ-८ निवडायचं, एवढंच होतं; या दोन्ही अक्षरं साठवायच्या पद्धती, पण मराठी अक्षरं दुसरीतच टिकतात. इंग्रजीत पान लिहिणाऱ्याला हे सहसा अडत नाही. मराठी मुलांना मात्र पहिल्याच दिवशी सांगायला हवं, आणि लेखात नेमकं तेच राहिलंय.