शत्रू असावा तर ओळखीचा

नेरूळला आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्या आहेत, पण शोभेच्या. शेजारचे काका गाडी लावणार ती चाक माझ्या पट्टीवर ठेवूनच. मग मी डावीकडच्या दारातून शिरतो, गिअरवरून तंगडी टाकतो आणि कमरेत एक कळ घेऊन स्टिअरिंगपाशी पोचतो. आमची सुरुवातीची भांडणं वॉचमनने खुर्ची टाकून ऐकली. हल्ली काका नुसतं विचारतात, "जागा आहे ना रे?" मी म्हणतो, "भरपूर!" आणि पोट आत घेतो.

हा माझा मोठेपणा नव्हे, पाखरांतही असंच चालतं. हद्द राखणारे प्राणी रोजच्या शेजाऱ्यावर फार ताकद वाया घालवत नाहीत. त्याला त्याची जागा असते, तो कुठवर सरकणार हे ठाऊक असतं. धोका बिनजागेच्या परक्याचा. जेम्स फिशर या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने १९५४ मध्ये अशा शेजाऱ्यांना 'लाडके शत्रू' म्हटलं होतं. (काकांना सांगितलं नाही. 'लाडके' तेवढं ऐकतील.)

मग कमिटीने चिठ्ठ्या टाकून पार्किंग बदललं. काका पुन्हा शेजारीच, पण आता डावीकडे. खरं तर ड्रायव्हरचं दार मोकळं झालं, पेढे वाटायचे. तरी त्यांचं चाक त्या बाजूच्या पट्टीवर दिसताच माझं डोकं फिरलं. कॅनडातल्या फॉल्स आणि ब्रुक्स या संशोधकांनी १९७५ मध्ये पांढऱ्या गळ्याच्या चिमण्यांना शेजाऱ्याचंच गाणं ऐकवलं, पण भलत्या हद्दीवरून. नर परका आल्यासारखे खवळले. त्या चिमण्यांना माझा पाठिंबा आहे.

परवा कोणा पाहुण्याची बिनस्टिकरची गाडी थेट माझ्या जागेत. आपल्याकडे खाडीच्या चिखलात एकच डेंगा मोठा असलेले खेकडे दिसतात. त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या भावकीत मोठा खेकडा कधीकधी शेजाऱ्याचं बीळ वाचवायला धावतो. माया नाही हो. शेजारी बदलला की हद्दीची भांडणं पहिल्यापासून! काका बनियनवर खाली उतरले आणि माझ्या वतीने असे काही गरजले, की पाहुणा जेवण अर्धं टाकून किल्ली घेऊन आला.

जागा रिकामी झाली. मी गाडी आणायला वळतोय तोवर काकांनी आपली गाडी आणखी चार बोटं माझ्याकडे सरकवून घेतली.


"जागा आहे ना रे?"